भिंतींचा बॅकअप

माझे थोरले मेहुणे हिंजवडीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. काय करतात, ते त्यांनी मला चार वेळा समजावून सांगितले आणि चारही वेळा मी "असं होय!" म्हणालो. पाचव्या वेळी त्यांनीच नाद सोडला. मेहुण्यांचे ज्ञान ही आमच्या घरात पुढल्या तारखेच्या चेकसारखी वस्तू आहे. दिसायला भारदस्त, सही ठसठशीत; पण नेमक्या गरजेच्या दिवशी वटत नाही.

तर या मेहुण्यांनी २०२५ च्या दिवाळीत, आमच्याच चकल्यांचा तिसरा हप्ता उचलता उचलता, एक वाक्य उच्चारले.

"भावजी, फॉरमॅट करण्याआधी बॅकअप घ्या. सगळ्याचा. अगदी सिस्टिमसकट!"

प्रस्तुत लेख त्या 'सिस्टिमसकट' या एका शब्दाविरुद्ध आहे. माणसांशी माझे भांडण नाही. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षे काढलेल्या माणसाला माणसांशी भांडण्याची हौस उरत नाही. शब्दांशी मात्र मी भांडू शकतो, कारण शब्द "मॅनेजरला बोलवा" असे म्हणत नाहीत.

प्रसंग असा होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज टेन नामक गृहस्थ सेवानिवृत्त झाले. म्हणजे त्यांची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. आमचा घरचा कॉम्प्युटर २०१९ सालचा. तो अलीकडे चालता चालता मधेच थिजायचा आणि मग बराच वेळ समाधी लावून बसायचा. दुरुस्तीवाल्याने त्याची नाडी पाहून निदान केले, "साहेब, सगळं पुसून नवीन विंडोज इलेव्हन घालू. एकदम नवा होईल. तुमचं काय ठेवायचं ते काढून ठेवा."

तुमचं काय ठेवायचं ते! इतके साधे वाक्य. पण माणसाने नीट ऐकायचे नाही असे ठरवले, की साध्या वाक्याइतके अवघड काही नसते.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. 'सिस्टिम' या शब्दाचा मला धाक आहे. बँकेत समोर चाळीस माणसांची रांग खवळलेली असली, तरी "सिस्टिम डाऊन आहे" एवढे तीन शब्द उच्चारले की ती रांग निमूट होते. पासबुके पिशवीत जातात. आजोबा लोक बाकावर बसून घेतात. तेव्हा ज्या फोल्डरचे नावच 'सिस्टिम थर्टीटू' आहे, तो सर्वांत महत्त्वाचा असणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी रीतसर यादी केली. पहिला मान विंडोजला, दुसरा प्रोग्रॅम फाइल्सला. उरलेली जागा इतरांना.

रात्री साडेनऊला चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह लावून बसलो. विंडोजचे फोल्डर निघाले. पडद्यावर आले, 'पंधरा मिनिटे शिल्लक'. मग दोन तास. मग चाळीस सेकंद. मग चार तास. एखाद्या ठेकेदाराने पुलाचा अंदाज द्यावा तसा तो आकडा बदलत होता.

अकरा वाजता पहिला खलिता आला: या फोल्डरात जाण्याची तुम्हाला परवानगी नाही. माझे घर, माझ्या बोनसमधून घेतलेला कॉम्प्युटर, आणि मला परवानगी नाही! स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीच्या बाबतीत हा अनुभव मला पूर्वी आलेला असल्यामुळे मी फारसा चिडलो नाही. 'वगळा' म्हणून पुढे गेलो. मग पेजफाइल नावाची एक भलीमोठी फाइल अडून बसली. ती म्हणे सध्या वापरात आहे. तिच्या शेजारी हायबरफिल नावाची दुसरी होती, तीही तशीच. या दोघींना हलवण्यासाठी मी पाऊण तास खर्च केला. सौभाग्यवती एकदा येऊन पाहून गेली. "झोपा आता. ती फाइल कुठे पळून जाते आहे का?" एवढेच म्हणाली.

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते, हे मला नंतर समजले. पेजफाइल म्हणजे कॉम्प्युटरची रफ वही. मेमरीत मावले नाही की तो तिथे तात्पुरते खरडून ठेवतो. हायबरफिल म्हणजे गाढ झोपण्यापूर्वी डोक्यातले सगळे उतरवून ठेवण्याची पाटी. नवीन विंडोज घातले की दोन्ही आपोआप नव्याने तयार होतात. म्हणजे मी पाऊण तास कोणाची तरी रफ वही जपून ठेवण्यासाठी झुंजत होतो! बँकेत दिवसभराच्या नोटा मोजताना मी चिठोऱ्यावर आकडेमोड करतो. ते चिठोरे कोणी स्ट्राँगरूममध्ये ठेवायला निघाला, तर त्याला आम्ही सक्तीने रजेवर पाठवू.

पहाटे दीडच्या सुमारास पेनड्राइव्ह तुडुंब भरला. काय राहिले, हे मी पाहिले नाही. कारण महत्त्वाचे ते सगळे आले होते. सिस्टिम आली होती. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने विचारले, "काढलं ना सगळं?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "सिस्टिमसकट!" तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत राहिला. आणि त्याने पुसले.

आता मी जे सांगतो, ते रागाने सांगतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

सिस्टिमच्या फाइली या घराच्या भिंती आहेत. घर बदलताना आपण ट्रकमध्ये काय घालतो? कपाट, गॅस, देव, फोटो, गाद्या. भिंती उपटून कोणी नेतो का? नळाचे पाइप, वायरिंग, जिन्याची पायरी बरोबर घेतो का? नव्या घराला भिंती असतातच. विंडोजचे तसेच आहे. नवीन विंडोज मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, त्याला आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. परवाना जुन्या यंत्राशी जोडलेला असला, की तेच यंत्र पुन्हा ओळख पटवून देते. किल्लीचा आकडाही बहुधा विचारत नाही. उलट मी रात्र जाळून आणलेले ते विंडोजचे फोल्डर नव्या डिस्कवर नेऊन ठेवले, तर त्यातून कॉम्प्युटर सुरूही होत नाही. सुरू होण्याची व्यवस्था डिस्कच्या वेगळ्याच लहानशा भागात असते. रजिस्ट्री नावाची जी मुख्य खतावणी आहे, तिच्या फाइली यंत्र चालू असताना कुलूपबंद असतात. तेव्हा मी आणलेला ढीग म्हणजे भिंतींच्या विटा होत्या, भिंत नव्हती.

आणि गंमत पाहा. त्या रजिस्ट्रीची एक प्रत विंडोज स्वतःच पूर्वी आपल्या पोटात बाजूला ठेवायचे. २०१८ सालच्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती पद्धत बंद केली. जागा वाचावी म्हणून. ज्याचे घर, त्याने स्वतःच्या भिंतीचा नकाशा ठेवणे सोडले. आणि आम्ही भाडेकरू विटा मोजत बसलो!

आमच्या बँकांना लोक नावे ठेवतात, पण काय ठेवायचे आणि काय नाही याची अक्कल बँकेकडून घ्यावी. नोंदी किती वर्षे जपायच्या, याचे १९८५ सालचे नियमच आहेत. काही वह्या किमान ५ वर्षे, काही किमान ८ वर्षे. त्या नियमांत खुर्च्या, काउंटर आणि पंखे जपण्याविषयी एक अक्षर नाही. शाखेला आग लागली तर फर्निचर विम्यातून येते. खातेदाराची शिल्लक विम्यातून येत नाही. आणि तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या आम्ही त्याच शाखेच्या खणात ठेवत नाही. दुसऱ्या शाखेत ठेवतो. हे सगळे मी बावीस वर्षे रोज पाहत होतो. फक्त संध्याकाळी घरी येताना ती अक्कल हजेरीपटाशेजारी ठेवून येत होतो.

मेहुण्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाहीतर ते पुढच्या दिवाळीला फराळाचा डबा परत पाठवतील. (हे घडणार नाही, पण धोका कशाला घ्या?) संपूर्ण डिस्कची 'इमेज' नावाची एक चीज असते. ती योग्य साधनाने घेतली, तर डिस्क बिघडल्यावर तेच यंत्र जसेच्या तसे उभे राहते. ज्याचा धंदा एका दिवसाने बुडेल, त्याने ती जरूर घ्यावी. पण इमेज वेगळी आणि माझ्यासारख्याने उंदराच्या चिमटीत धरून ओढलेले फोल्डर वेगळे. शिवाय आजारी यंत्राची इमेज परत घातली, तर आजारही परत येतो. माझा एक दिवस बुडाला तर काय होते? सोसायटीचा खजिनदार म्हणून मी जी पत्रे लिहितो ती एक दिवस उशिरा लिहिली जातात. त्यावर सोसायटीत आनंदच व्यक्त होतो.

पुढे महिन्याभराने आत्याचा फोन आला. आत्या नाशिकला असते. बाबा २०२१ मध्ये गेले, तेव्हापासून भाऊबीज जवळ आली की ती जरा हळवी होते आणि महिनाभर तशीच राहते.

"अरे, दादाने त्या पुराचं लिहिलं होतं ना कॉम्प्युटरवर? पानशेतचं. मला वाचून दाखव ना फोनवर."

"दाखवतो की," मी म्हणालो. आणि 'बाबा' नावाचे फोल्डर शोधू लागलो.

बाबांनी निवृत्तीनंतर, २००८ पासून, आठवणी लिहायला घेतल्या होत्या. एका बोटाने. रोज दुपारी दोन ते चार. फोल्डराच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर, हा प्रकार त्यांना नापसंत होता. "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे," म्हणून त्यांनी आपले फोल्डर थेट सी ड्राइव्हच्या दारात ठेवले होते. जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा मी ते नव्यावर आणले, तेही दारातच. चिरंजीव म्हणाले, "बाबा, क्लाउडवर असेल ना!" पाहिले. क्लाउडवर डेस्कटॉप होता, डॉक्युमेंट्स होते, फोटो होते; आमची ती सोय एवढीच खाती सांभाळत होती. दारात ठेवलेले सामान तिच्या वहीत नव्हते. पेनड्राइव्ह पाहिला. त्यात विंडोज होते. छपाईयंत्रांचे ड्रायव्हर होते. जी छपाईयंत्रे मी जन्मात पाहिलेली नाहीत त्यांचेही होते. पेनड्राइव्हवर सगळ्या जगाचे सामान होते, फक्त आमच्या घरातले काही नव्हते.

'बाबा' फोल्डर सगळे मिळून तीन एमबीसुद्धा नसेल. मी वगळलेल्या त्या रफ वहीच्या हजाराव्या भागाएवढेही नाही.

पुसलेले परत मिळवून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो. तो भला होता. त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "जुनी फिरती हार्ड डिस्क असती, तर काही आशा होती. एसएसडीत पुसलेली जागा यंत्र स्वतःच रिकामी करून टाकतं. यात आता काही नाही."

आत्याला काय सांगायचे, याची तालीम मी दोन दिवस केली. शेवटी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "अरे, पण दादाने मला तबकडी पाठवली होती की!"

२०१३ साली बाबांनी आठवणींची एक सीडी आत्याला पोस्टाने पाठवली होती. आत्याकडे कॉम्प्युटर कधीच नव्हता. तिने ती सीडी पैठणीच्या घडीत घालून लोखंडी कपाटात ठेवली. बारा वर्षे. ना उजेड, ना धूळ, ना कोणाचा हात. मी त्याच शनिवारी नाशिकला गेलो. पैठणी उलगडली. सीडीवर बाबांच्या अक्षरात लिहिलेले होते: 'सौ. ताईस. सवडीने वाचणे.'

मग सीडी वाचणारे यंत्र शोधण्यात रविवार गेला, कारण आजकालच्या लॅपटॉपला ते तोंडच नसते. शेवटी आत्याच्या गल्लीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडे मिळाले. सीडी घरघरली. फाइली दिसल्या. एकूण एकवीस प्रकरणे. मी पहिले उघडले.

पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि स्वल्पविराम यांची एकच गर्दी झाली. जणू बाबा रोमन लिपीत माझ्या नावाने बोटे मोडत होते. तसे असते तर त्यांचा हक्कच होता.

झेरॉक्सवाला जाणता निघाला. म्हणाला, "फॉन्ट नाही काका. जुना फॉन्ट आहे." त्याचे असे, की युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, आणि विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्टही आला, तरी आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे लोक जुन्या पद्धतीनेच मराठी टाइप करत राहिले. त्या पद्धतीत कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरच लिहितो. फॉन्ट फक्त त्याला मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा गेला की खाली उरते ती ही गर्दी. आणि प्रत्येक कारागिराचा मुखवटा निराळा. एकाचा 'क' म्हणजे दुसऱ्याचा 'ढ'. बाबांना त्यांचा फॉन्ट एका डीटीपीवाल्याने दिला होता. त्याच्या दुकानात आता मोमो मिळतात.

तो फॉन्ट कुठे असायचा? सी ड्राइव्हमध्ये. विंडोजच्या फोल्डरात. त्यातल्या 'फॉन्ट्स' नावाच्या खोलीत. नव्या यंत्रावर येताना मीच तो तिथे घातला होता. म्हणजे, वाचकहो, माझ्या त्या चौसष्ट जीबीच्या विटांच्या ढिगात!

पुण्याला परत आलो. पेनड्राइव्ह लावला. शेकडो फॉन्टांच्या गर्दीत तो सापडला. वजन ऐंशी केबीच्या आतबाहेर. नव्या विंडोजमध्ये घातला, फाइल उघडली, आणि बाबा मराठीत बोलू लागले.

मेहुण्यांना फोन केला. ते काय म्हणाले असतील, ते सुज्ञांस सांगणे नलगे. "बघा भावजी! मी सांगत होतो. सिस्टिमसकट!"

माणूस कुठल्या क्षणी हरतो आणि कुठल्या क्षणी त्याला आपला मुद्दा नीट कळतो, हे एकच असू शकते. सिस्टिम घ्यायची की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न एकच: ही वस्तू मला दुसरे कोणी देईल का? विंडोज कंपनी देईल. छपाईयंत्राचा ड्रायव्हर कारखाना देईल. सिनेमे, गाणी, प्रोग्रॅम बाजार देईल. बाबांचे लिखाण कोणी देणार नाही. आणि त्यांचा फॉन्ट, तो बसला होता सिस्टिमच्या खोलीत, पण सिस्टिमचा नव्हता. तो आमचा होता. पाहुण्याच्या खोलीत आपली ट्रंक राहिली, म्हणून ट्रंक पाहुण्याची होत नाही. आणि ट्रंकेसाठी पाहुण्याची खोली उपटून न्यावी, असेही ठरत नाही.

तेव्हा सिस्टिमच्या खोल्यांत आपले काय काय अडकलेले असते, ते मी आता एका कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या मागे चिकटवले आहे. विंडोजबरोबर न आलेले फॉन्ट, विशेषतः जुने मराठी. 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरातले आपले सामान: ब्राउझरच्या खुणा, वर्डला आपण शिकवलेले शब्द, ज्यात आमच्या आडनावाला चूक म्हणू नये हा मुख्य शब्द, आणि पडद्यावरच्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या, ज्यांत सौभाग्यवतीचा दुधाचा हिशेब असतो आणि जो गेला तर मी जातो. हिशेबाचे जुने प्रोग्रॅम आपली वही कित्येकदा स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात, डॉक्युमेंट्समध्ये नाही. सोसायटीची वही तिथेच होती आणि तिची छापील प्रत नसती, तर हा लेख मी गावाहून लिहीत असतो. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमांच्या किल्ल्यांचे आकडे. इंटरनेट जोडणाऱ्या भागाचा ड्रायव्हर, कारण तो नसला तर इंटरनेट नाही आणि इंटरनेट नसले तर तो नाही. आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असली, तर तिचा ४८ आकडी खुलासा कागदावर. त्याच डिस्कवर नव्हे. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवणारा माणूस बँकेत टिकत नाही.

हे सगळे मिळून एका जुन्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते.

चिरंजिवांच्या पंथाविषयी दोन शब्द. हा 'क्लाउड आहे ना' पंथ. क्लाउडवर नक्कल पडते हे खरे, पण नक्कल आज्ञाधारक असते. तुम्ही इथे पुसले की तीही तिथे पुसते. कचऱ्याच्या टोपलीत काही दिवस वाट पाहते आणि मग जाते. आणि तिला दाखवलेल्या खोल्याच ती झाडते. माझ्या शेजारच्या काउंटरवरचा मित्र 'काही होत नाही' पंथाचा आहे. त्याला मी पिक्सारची गोष्ट सांगतो. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या सिनेमाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, आणि पाहतात तो बॅकअपही धड नाही. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्यांना नुकतेच मूल झाले होते, म्हणून घरून काम करण्यासाठी त्यांच्याकडे एक प्रत होती. एवढी मोठी कंपनी, आणि तिलाही शेवटी कोणाच्या तरी घरातल्या प्रतीनेच तारले. फरक इतकाच, की तिथे पैठणी नव्हती.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने यावर एक सूत्र रूढ केले आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. बाबांनी ते सूत्र कधी ऐकले नव्हते. पण एक प्रत त्यांनी घराबाहेर ठेवली होती. मी ठेवली नव्हती. आणि जगात 'बॅकअप दिन' म्हणून ३१ मार्च पाळतात! ज्या दिवशी मी आणि माझे तमाम जातभाई वर्षअखेरीच्या हिशेबात मानेपर्यंत बुडालेले असतो. हा दिवस कोणी ठरवला ते ठाऊक नाही, पण त्याच्या घरात बँकवाला नसावा.

एक गोष्ट मात्र मला हसत सांगता येत नाही. सीडी २०१३ ची. बाबा त्यानंतरही पाचसहा वर्षे लिहीत होते. रोज दुपारी दोन ते चार. ती पाने गेली. त्यांत काय होते, हे मी कोणाला सांगू शकत नाही, कारण मी ती वाचली नव्हती. फोल्डर दारातच होते. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होते. मी रोज त्याच्यावरून येत-जात होतो.

उरलेल्या एकवीस प्रकरणांचे आता मी रोज एक पान युनिकोडमध्ये टाइप करतो. एका बोटाने. फॉन्ट पोटात घेणारी पीडीएफ केली आहे, कागदावर छापले आहे, आणि एक प्रत दर महिन्याला आत्याकडे जाते. ती पैठणीतच ठेवते. मी तिला दुसरी जागा सुचवलेली नाही.

परवा पानशेतच्या प्रकरणाशी पोचलो. १२ जुलै १९६१. बाबा बारा वर्षांचे, नारायण पेठेतला वाडा. धरण फुटल्याची हाकाटी झाली आणि माणसे घरे सोडून पर्वतीकडे निघाली. आजोबांनी अंगणातले पितळी घंगाळ उचलायला घेतले. आजीने एक पत्र्याची पेटी घेतली. पेटीत मुलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड आणि पणजीचा एकुलता एक फोटो. घंगाळ दिंडीदरवाज्याशीच सोडावे लागले. वाडा पडला. बाबांनी लिहिले आहे, 'घंगाळ पुढे दोन वर्षांनी तुळशीबागेतून नवे आणले. ते जास्त चांगले निघाले.' पणजीचा फोटो आमच्या बैठकीत अजून आहे.

हा उतारा मी मेहुण्यांना मुद्दाम फोनवर वाचून दाखवला. शेवटचे वाक्य जरा सावकाश वाचले, म्हणजे मुद्दा पोचावा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, पोचला.

मग म्हणाले, "पण काय हो भावजी, थोडं लवकर निघाले असते, तर घंगाळही घेता आलं असतं की!"